वडीलधाऱ्यांना ‘बसून खा’ म्हणू नका!



दोन-तीन महिने दावणीला उभा असलेला बैल एकदम औताला जुंपला, तर तो लवकर थकतो. वैरण-पेंड पोटभर असते. कामाची सवय मोडलेली असते. जनावराच्या बाबतीत हे आपण जाणतो, घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत विसरतो. मीही विसरलो होतो.

माझे वडील सत्तरी ओलांडली तरी रोज मळ्यात जात. एकदा बांधावरून पाय घसरला. हाड मोडले नाही, पण आम्ही घाबरलो. “तात्या, पुष्कळ केलंत, आता बसून खा,” असे मीच म्हणालो. ओसरीवर बाज टाकली. पाण्याचा तांब्या, जेवणाचे ताट सारे जागेवर. लोकांनी आम्हांला चांगले म्हटले.

सहा महिन्यांत तात्यांना बाजेवरून उठवायला माणूस लागू लागला. परसाकडे उकिडवे बसता येईना, म्हणून ते जेवण आणि पाणी तोडू लागले. एके दिवशी आईला म्हणाले, “मी आता घराला भार झालो.” ते ऐकून मला रात्रभर झोप आली नाही. डॉक्टरांनी तपासून सांगितले, “रोग नाही. मांड्यांचा जोर गेला आहे. यांना हळूहळू हालते करा.”

वयाबरोबर स्नायू झडतात हे खरे. पण बसून राहिल्याने ते अधिक लवकर झडतात. गेलेला जोर पुष्कळसा परतही येतो. १९९० साली अमेरिकेतील बोस्टन येथे शुश्रूषागृहातील नव्वदीच्या आसपासच्या दहा वृद्धांना पायाने वजन उचलण्याचा व्यायाम देखरेखीखाली सुरू करून दिला. आठ आठवडे तो पुरा करणाऱ्यांच्या मांड्यांचा जोर सरासरी अडीचपटीहून जास्त झाला.

घरी काय करावे?

१) चालणे : ६५ वर्षांवरील माणसांनी आठवड्यात निदान १५० मिनिटे हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे. म्हणजे पाच दिवस, रोज अर्धा तास. दम थोडा लागावा, पण बोलता यावे. एकदम जमत नसेल तर दहा-दहा मिनिटे तीनदा चालावे.

२) उठबस : खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. तिच्यावरून सावकाश उठावे, सावकाश बसावे. पाच वेळांपासून दहापर्यंत जावे. सुरुवातीला हाताचा टेकू चालेल. आठवड्यातून दोन दिवस तरी करावे.

३) तोल : खांबाला धरून एक पाय उचलावा, दहा आकडे मोजावे, मग दुसरा. आठवड्यातून तीन दिवस. जवळ घरचे माणूस उभे असावे.

४) काम : कोंबड्यांना दाणे टाकणे, परसबागेला तांब्याने पाणी घालणे, वासराला वैरण टाकणे, नातवाला शाळेपर्यंत पोचवणे ही कामे त्यांच्याकडेच ठेवा. शेंगा फोडणे, धान्य निवडणे चांगलेच; पण बसल्या कामाने मांड्यांना जोर येत नाही.

५) खुराक : डाळ, दूध, शेंगदाणे, चालत असल्यास अंडी रोज पोटात जावीत.

पोती उचलणे, शिडी चढणे, फवारणी, ओला बांध आणि भर दुपारचे ऊन यांपासून त्यांना दूर ठेवा. हृदयविकार असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. छातीत दुखले, घेरी आली तर थांबून लगेच दवाखाना गाठा.

सासूबाईंच्या हातातला झाडू सून काढून घेते, त्यात माया असते आणि ‘लोक काय म्हणतील’ ही धास्तीही असते. लोकांना म्हणू द्या. सासूबाईंना झेपते आणि हवे आहे, ते काम त्यांना करू द्या.

तात्यांच्या हाती पुन्हा खुरपे आले नाही. पण चार महिन्यांनी ते काठी टेकत विहिरीपर्यंत जाऊ लागले, आणि परसाकडे एकटे जाऊन येऊ लागले. त्या दिवसापासून ते पोटभर जेवतात.