संगणक आणणं सोपं, सांभाळणं अवघड
शहापूर-मुरबाडच्या डोंगरातून आपण काय घ्यावे?



या खेपेच्या गटसभांतून बेणे, खते आणि पाणीपाळी यांच्या जोडीला एक मागणी सारखी कानावर आली. "साहेब, उसाचं तुम्ही बघता, पण पोरांचं काय? आपल्या संस्थेच्या तंत्रशाळेत संगणकाचा चांगला विभाग काढा." मागणी रास्त आहे. वाटण्या होऊन होऊन जमिनीचे तुकडे झाले. दोन भावांपैकी एकालाच उसावर पोट भरता येते. दुसऱ्याच्या हाताला कसब पाहिजे, आणि मुलींना तर गावाजवळ शिकता येईल अशी सोय पाहिजे.

पण एक गोष्ट आधीच बोलून ठेवलेली बरी. असल्या कामाला लागणारा पैसा आभाळातून पडत नाही. तो शेवटी उसाच्या बिलातूनच येतो. म्हणून संगणक कोणत्या कंपनीचे घ्यायचे याआधी ही योजना चालवणार कोण आणि ते काम तो शिकला आहे का, हे विचारायचा हक्क सभासदाला आहे. ऊसविकासाच्या कामात आम्ही पाहतो की बेणे उत्तम असून लागवडीची वेळ चुकली, तर उतारा पडतो. संगणकाचेही तसेच.

डोंगरातली एक शाळा

माळशेज घाट उतरून कल्याणला भाजीची गाडी नेणाऱ्या सभासदांना मुरबाड ठाऊक आहे. कसारा घाट उतरून मुंबईला जाणाऱ्यांना शहापूर ठाऊक आहे. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला, पण हे दोन्ही तालुके ठाणे जिल्ह्यातच राहिले. इथे आपल्यासारखा ऊस नाही. भात, नागली, वरी ही पिके आणि ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांच्या वाड्या-पाडे. भातसा आणि तानसाचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात धरणाच्या आसपासच्या पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. सांगायचे म्हणजे पैशाची सुबत्ता नाही, विजेचा भरवसा नाही.

अशा शहापूर तालुक्यात पाष्टेपाडा नावाचा पाडा आहे. तिथली जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा राज्यातली पहिली डिजिटल शाळा म्हणून गाजली. तिथले शिक्षक संदीप गुंड यांनी हे काम उभे केले. वीज नाही म्हणून रडत न बसता सौर ऊर्जेची सोय केली. महागडा तयार संच घेण्याऐवजी कमी खर्चात स्पर्शाने चालणारा फळा बसवला. गावकऱ्यांना विश्वासात घेऊन लोकवर्गणीचा आधार घेतला. पुढे ठिकठिकाणचे शिक्षक हे काम शिकले आणि आपापल्या गावी त्यांनी ते उभे केले.

ही शाळा प्राथमिक आहे, तंत्रशाळा नव्हे, हे खरे. पण कारभाराचा धडा तोच आहे. आधी अडचण ओळखली, मग यंत्र निवडले. गावाचा पैसा लागला म्हणून गावाचे लक्ष राहिले. आणि ज्ञान एका माणसाच्या डोक्यात अडकून न राहता इतरांना दिले गेले. बेणेमळ्यात आपण दुसरे काय करतो? मूलभूत बेण्यापासून पायाभूत, पायाभूतापासून प्रमाणित. एका गुंठ्याचे बेणे असेच शिवारभर पसरते.

दुपारी दोन ते चार

आता मुरबाडकडे वळू. फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी, महिला दिनी, 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. योगेंद्र बांगर या जिल्हा परिषद शिक्षकांच्या पुढाकाराने साठीच्या पुढच्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, पाठीला दप्तर लावून अक्षरे गिरवायला बसल्या. तिथे संगणक नव्हता, होती पाटी-पेन्सिल. तरी योजना कशी आखावी हे शिकायचे तर या शाळेकडे बघावे.

शाळेची वेळ ठरली दुपारी दोन ते चार. का? तर सकाळचा स्वयंपाक, गुरे, शेत उरकलेले असते आणि संध्याकाळची चूल पेटायला अवकाश असतो. वेळापत्रक शिकणाऱ्याच्या सोयीने बांधले, म्हणून माणसे टिकली. आपल्या तंत्रशाळेत संध्याकाळी सहाचा संगणक वर्ग ठेवला आणि वस्तीवर जाणारी शेवटची एस.टी. साडेपाचला सुटत असली, तर मुली येणार कशा? मग "मुलींना आवडच नाही" असा शेरा मारून आपण मोकळे! दोष मुलींचा नसतो, आखणीचा असतो.

घरचाच दाखला : वारणा

साखर कारखान्याच्या परिसरात संगणकाचा मोठा प्रयोग झाला तो वारणानगरला. १९९८ साली केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा समूहाच्या भागीदारीत वारणा खोऱ्यातल्या सुमारे ७० गावांना जोडणारी 'वायर्ड व्हिलेज' योजना निघाली. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली ही गावे. गावागावांत संगणक केंद्रे बसली. उसाची नोंद, तोडणीची पाळी, वजन आणि बिल यांची माहिती गावातच मिळू लागली. शेतीसल्ला, बाजारभाव, शिक्षण अशीही पुष्कळ स्वप्ने त्या योजनेत होती.

काही वर्षांनी अभ्यासकांनी बघितले, तेव्हा चित्र असे दिसले की संगणक मुख्यतः कारखान्याच्या ऊसकामासाठीच वापरले जात होते. बाकीचे उपयोग मागे पडले होते. मग मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधन शाखेने २००६ च्या सुमारास सात गावांत संगणकाच्या जागी साध्या मोबाईलवरच्या संदेशाने तेच काम करून पाहिले. शेतकऱ्याने संदेश पाठवायचा, माहितीचे उत्तर परत यायचे. काम झाले, आणि कमी खर्चात झाले.

यावरून वारणेची योजना वाया गेली असे कोणी म्हणू नये. ज्या कामाची सभासदाला रोजची निकड होती, ते काम टिकले. ज्याची निकड कागदावरच होती, ते गळाले. दुसरे असे की, मध्येच थांबून "हे खरंच वापरलं जातंय का?" असे विचारल्यामुळे स्वस्त वाट सापडली. हे विचारायची सवय म्हणजेच प्रकल्पाचा कारभार.

धूळ खात पडलेली यंत्रे

शाळांत संगणक नेण्याचा पहिला मोठा सरकारी प्रयत्न १९८४-८५ चा. 'क्लास' नावाची ती योजना सुमारे २५० शाळांपासून देशात सुरू झाली. यंत्रे होती विलायतेची बीबीसी मायक्रो, आणि कार्यक्रम सगळे इंग्रजीत. शिक्षकांची तयारी तोकडी आणि शिकवण्याचा रोजच्या अभ्यासक्रमाशी मेळ नाही. व्हायचे तेच झाले.

डिसेंबर २००४ पासून केंद्राची माध्यमिक शाळांसाठी नवी योजना आली. आपल्या राज्यात ठेकेदाराने संगणक खोली उभारायची, ठरावीक वर्षे चालवायची आणि मग शाळेच्या ताब्यात द्यायची, अशी पद्धत अवलंबली गेली. मुदत साधारण पाच वर्षांची. म्हणजे यंत्रांचे वय होत आले की ती शाळेच्या गळ्यात! सांभाळायला शिकवणारा माणूसही ठेकेदाराबरोबर निघून गेला, तर उरते काय? कुलूप आणि धूळ.

हा हिशेब एकदा मांडून बघा. समजा, वीस संगणकांच्या विभागाला दहा लाख रुपये लागले आणि यंत्रांचे आयुष्य पाच वर्षे धरले. तर दरसाल दोन लाख बाजूला काढले, तरच सहाव्या वर्षी नवी यंत्रे येतील. वीजबिल, बॅटऱ्या, इंटरनेट, दुरुस्ती आणि निदेशकाचा पगार हे त्यावर वेगळे. ट्रॅक्टर घेताना हप्ता, डिझेल, टायर आणि ड्रायव्हर असा सगळा विचार आपण करतो. संगणकाच्या वेळीच फक्त खरेदीची पावती का बघायची?

पाबळची रीत

तंत्रशिक्षणात हे काम नीट कसे होते, याचा दाखला शिरूर तालुक्यातल्या पाबळला आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. शेती-पशुपालन, ऊर्जा-पर्यावरण, कारखानी काम आणि गृह-आरोग्य अशा विभागांतून मुले हाताने काम करत शिकतात. हीच रीत पुढे राज्यातल्या कित्येक माध्यमिक शाळांत गेली. २००२ साली अमेरिकेतल्या एम.आय.टी. या नामवंत संस्थेच्या साहाय्याने संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची 'फॅब लॅब'ही पाबळला आली.

त्या रीतीचे मर्म असे की मुलांनी गावाचे खरे काम करायचे. वस्तू बिघडली तर गिऱ्हाईक परत येते आणि विचारते. वेळ, माल, मजुरी यांचा हिशेब मुलालाच ठेवावा लागतो. म्हणजे मूल नुसती कारागिरी शिकत नाही, काम अंगावर घेऊन पुरे करायला शिकते. आजच्या भाषेत त्यालाच प्रकल्प व्यवस्थापन म्हणतात. शब्द मोठा आहे, गोष्ट आपल्या ओळखीची आहे. आडसाली लागणीपासून तोडणीपर्यंतचे नियोजन करणारा प्रत्येक सभासद हेच करतो.

आपल्याकडे असले खरे काम कमी आहे का? लागणीची नोंद मोबाईलवर करणे, शेताचे क्षेत्र उपग्रहाच्या साहाय्याने मोजणे, माती परीक्षणाचे निकाल गटवार लावणे, ठिबकच्या स्वयंचलित संचाची दुरुस्ती. बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने ऊस घेण्याचा प्रयोग केला आहे. उद्या ती यंत्रे आपल्या शिवारात आली, तर ती बसवायला आणि दुरुस्त करायला बाहेरचा माणूस बोलवायचा की आपलीच पोरं तयार करायची?

विभाग काढण्यापूर्वी

म्हणून गटसभांत पुढील गोष्टींची चर्चा व्हावी, असे सुचवावेसे वाटते.

१) गरज आधी लिहून काढा. कोणत्या गावची किती मुले-मुली येणार, काय शिकून कोणते काम करणार? औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत संगणक प्रचालकाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. पण नुसत्या प्रमाणपत्राला नोकरी चिकटलेली नसते, हे पालकांना आधीच सांगावे.

२) कारभारी एकच नेमा. समिती सल्ल्याला असावी, पण जबाबदारी एका निदेशकावर हवी. यंत्रे यायच्या आधी त्याला प्रशिक्षण द्यावे. त्याच्या हाताखाली दुसरा माणूसही तयार ठेवावा. एकाची बदली झाली की विभाग बंद, असे होता कामा नये.

३) पाळीपत्रक करा. कोणते काम, कोणी, कोणत्या तारखेपर्यंत, किती खर्चात, हे एका कागदावर मांडून फलकावर लावा. वीज गेली, यंत्र उशिरा आले, निदेशक सोडून गेला, तर काय करायचे हेही त्यातच लिहा.

४) लहान सुरुवात करा. नवी जात आपण एकदम दहा एकरांवर लावत नाही. पाच-सहा संगणक, एक तुकडी, एक हंगाम. नीट चालले तर वाढवा.

५) शिकवणे मराठीत, वेळ एस.टी.च्या आणि शेतीच्या सोयीने. गळिताच्या दिवसांत पोरं फडावर असतात, हे ध्यानात ठेवा.

६) देखभालीचा निधी वेगळा ठेवा आणि त्याला दुसऱ्या कामासाठी हात लावू नका.

७) दर सहा महिन्यांनी हिशेब मांडा. किती आले, किती टिकले, किती कामाला लागले. आकडे वाईट असले तरी याच अंकातून छापावेत. लपवलेली कीड फड खाते.

शेवटी दोन शब्द

पाष्टेपाड्याला वीज नव्हती आणि फांगण्याच्या आज्यांनी आयुष्यात पाटी धरली नव्हती. तिथे काम उभे राहिले ते आखणीच्या आणि माणसांच्या बळावर. आपल्याकडे पाणी आहे, कारखाना आहे, संस्था आहे. कमी आहे ती नीट कारभार शिकलेल्या माणसांची, आणि ती माणसे आपल्याच घरात वाढत आहेत.

तरी सभासदांनी आपापल्या गटातील इच्छुक मुला-मुलींची नावे, शिक्षण आणि त्यांना येण्याजाण्यास सोयीची वेळ लिहून गट कार्यालयात द्यावी, ही विनंती. यंत्रांच्या किमती विचारायला जाण्यापूर्वी ही यादी हातात असली पाहिजे.

— ऊसविकास अधिकारी