स्वयंसेवकालाही हवी तालीम

'तालीम' या शब्दाचा अर्थ कोल्हापूरकरांना सांगावा लागत नाही. येथील तालमींनी मल्ल घडविले, तसेच फुटबॉल संघही घडविले. पाटाकडील विरुद्ध खंडोबा असा सामना राजर्षी शाहू स्टेडियमवर असला की पेठापेठांतून प्रेक्षक लोटतात. खेळाडू वर्षभर सराव करतो. पण प्रवेशद्वारावरचा स्वयंसेवक पुष्कळदा त्याच दिवशी ओळखपत्र गळ्यात घालून उभा राहतो. गर्दीतील अडचण तो कशी सोडविणार?

हा प्रश्न जीवितांचा आहे. १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान व ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात प्रेक्षकांत हाणामारी व चेंगराचेंगरी होऊन १६ जण मृत्युमुखी पडले.

प्रशिक्षणाने नेमके काय बदलते? दाराशी रेटारेटी झाली की अननुभवी स्वयंसेवक दार लावून घेतो. मागच्यांना पुढचा अडथळा दिसत नाही. ते पुढे सरकतच राहतात आणि पुढच्यांवर दाब वाढतो. प्रशिक्षित स्वयंसेवक लोंढ्याला दारापासून दूर, मागेच थोपविण्यासाठी तात्काळ निरोप धाडतो. हरवलेले मूल सापडले, तर त्याला घेऊन गर्दीत भटकण्याऐवजी तो ठरलेल्या जागी थांबतो व ध्वनिक्षेपकावरून घोषणा करवून घेतो. हे प्रसंगावधान केवळ उपजत नसते. मैदानाची माहिती, आपल्या अधिकाराची मर्यादा आणि आधी केलेली रंगीत तालीम यांतून ते येते. कोणती अडचण स्वतः सोडवावी व कोणती वरिष्ठांकडे सोपवावी, हे ज्याला ठाऊक असते तो गोंधळत नाही.

२०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेसाठी निवडलेल्या सुमारे २२ हजार स्वयंसेवकांपैकी जवळपास १० हजार जण स्पर्धेपूर्वीच निघून गेल्याचे वृत्त होते. अपुरे प्रशिक्षण व नेमलेल्या कामाविषयीची नाराजी ही कारणे तेव्हा सांगितली गेली. याउलट २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सुमारे ७० हजार स्वयंसेवकांना सर्वसाधारण माहिती, नेमलेले काम आणि प्रत्यक्ष क्रीडास्थळ अशा टप्प्यांनी तयार करण्यात आले होते.

आपल्या स्पर्धांना एवढा खर्च परवडणार नाही. त्याची गरजही नाही. सामन्याच्या आदल्या दिवशी रिकाम्या मैदानात दोन तास पुरतात. सर्व दारे पायी फिरून पाहावीत, प्रथमोपचाराची जागा दाखवावी, चार प्रसंग प्रत्यक्ष करून घ्यावेत. सामना संपल्यावर काय चुकले याची दहा मिनिटे चर्चा करावी. सेवेची तळमळ तरुणांत आहेच. तिला तालमीची जोड मिळाली, तर मैदानावर आलेला प्रत्येक जण सुखरूप घरी परतेल.