मुनाझरा : मदरशातले वादशास्त्र

सत्य शोधण्यासाठी नियमाने केलेला वाद म्हणजे मुनाझरा. केवळ प्रतिपक्षाला हरवण्यासाठी केलेला तो मुजादला.

• एक जण दावा मांडतो, दुसरा हरकत घेतो. हरकतीच्या मुख्य वाटा तीन : पुरावा मागणे (मनअ), पुराव्यातला दोष दाखवणे (नक्झ), उलट निष्कर्षाचा स्वतंत्र पुरावा देणे (मुआरझा).

• शम्सुद्दीन समरकंदी यांच्या अरबी पुस्तिकेने १३व्या शतकाच्या अखेरीस या शास्त्राला स्वतंत्र रूप दिले.

• जौनपूरच्या अब्दुर रशीद यांचे १७व्या शतकातले भाष्य ‘रशीदिया’ भारतात ‘दर्स-ए-निझामी’ अभ्यासक्रमातले पाठ्यपुस्तक ठरले.

• आग्रा, एप्रिल १८५४ : मौलाना रहमतुल्लाह कैरानवी आणि मिशनरी कार्ल फांडर यांचा गाजलेला जाहीर वाद. मुख्य मुद्दा बायबलच्या मूळ पाठात बदल झाले का, हा. कैरानवींचा अरबी ग्रंथ ‘इझहारुल हक’ त्यानंतरचा, १८६४चा.