एका सूक्ष्म जिवाचा पंचनामा

मृगाचा पाऊस वऱ्हाडाच्या काळ्या मातीत मुरून आठ-दहा दिवस झाले म्हणजे मेहकरहून लोणारकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, मुरूम खणून नेलेल्या खळग्यांत, जे गढूळ पाणी साचते, त्याच्याकडे थांबून पाहावे असे त्यात काही असेल ही शंका येणाऱ्या-जाणाऱ्याच्या मनाला सहसा शिवत नाही. गुरे त्यात तोंड घालतात, पोरे उड्या मारतात, आणि लोणारला निघालेला प्रवासी तर पावणेदोन किलोमीटरांहून अधिक व्यासाच्या त्या प्रख्यात विवराचे चित्र मनाशी रंगवीत असल्यामुळे त्याची नजर त्या खळग्यांवरून नुसती घसरून जाते. उल्कापाताने काळ्या पाषाणात कोरलेले ते खारे सरोवर पाहण्यासारखे आहे यात वाद नाही. परंतु मला आज त्या खळग्यांविषयीच लिहावयाचे आहे.

अशाच एका खळग्यातले पेलाभर पाणी मी घरी आणून ओट्यावर ठेवले होते. गाळ तळाशी बसेपर्यंत अर्धा-पाऊण तास गेला, आणि मग वरच्या निवळलेल्या भागात मसुरीच्या डाळीएवढे काहीतरी वेडेवाकडे हेलकावे खात वर चढताना दिसले. दोन पातळ, पिवळसर, जवळजवळ पारदर्शक शिंपा पाठीशी जोडलेल्या. त्यांच्या फटीतून दिसणाऱ्या पायांच्या रांगेची अखंड, लयबद्ध थरथर. आणि डोक्याच्या जागी सुईच्या टोकाने टिपलेला एक काळा ठिपका, म्हणजे त्या प्राण्याचा डोळा. भिंगातून पाहिले तेव्हा शिंपेवर झाडाच्या बुंध्यातील वलयांसारख्या एकाभोवती एक अशा रेषा दिसल्या. पेल्याला बोट लागताच त्याने शिंपा मिटल्या आणि खडा पडावा तसा तो तळाशी गेला.

हा प्राणी शिंपल्यातला नव्हे. तो कवचधारी प्राण्यांच्या म्हणजे खेकडा, झिंगा, कोळंबी यांच्या गोतातला आहे. या गोताचे मोठे वतन समुद्रात. आमच्याकडच्या आठवडी बाजारात सुक्या मासळीच्या पालावर जो जवळा मापाने मिळतो तोही याच गोतातला. कोकणच्या कोळ्यांच्या डोल जाळ्यांत तो ढिगांनी सापडतो, आणि आँरी मिल्न-एद्वार्स या फ्रेंच पंडिताने १८३० साली त्याचे शास्त्रीय वर्णन करून ‘असेटिस इंडिकस’ असे त्याचे नामकरण केले. समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या बुलढाणा जिल्ह्यात या गोताच्या शाखा नांदतात त्या विहिरींत, तळ्यांत, आणि चार महिने पाणी व आठ महिने धूळ अशा खळग्यांत. यांतील कित्येकांची अंडी वाळलेल्या चिखलात वर्षानुवर्षे निपचित पडून राहतात आणि पाणी मिळताच एक-दोन दिवसांत फुटतात. आभाळातून जीव पडतात असे जुनी माणसे म्हणत, ते अनुभवाला धरूनच होते. त्यांच्या पायाखालच्या धुळीतच ते जीव होते, एवढेच त्यांना दिसत नव्हते.

अशा एखाद्या प्राण्याची ‘नवी जाती सापडली’ असे वृत्तपत्रात येते तेव्हा वाचकाला वाटते की, कोणी जाळे टाकले, काही विलक्षण वर आले, आणि त्याला नाव दिले. वस्तुतः सापडणे हा त्यातला सर्वांत अल्प भाग. प्राणी तर तेथे माणसाच्या आधीपासून होताच, आणि पाहणाऱ्यांनी तो पाहिलेलाही असतो. नवे घडते ते एवढेच की, कोणीतरी त्याचा रीतसर पंचनामा करतो. पंचनामा हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे. कारण त्यात जे जे लागते ते सर्व येथेही लागते: घटनास्थळ, तारीख, जिनसेचे बारीकसारीक वर्णन, मुद्देमाल, आणि तो मुद्देमाल कोणाच्या ताब्यात दिला याची नोंद.

प्राणी प्रथम मद्यार्कात ठेवतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली, केसासारख्या बारीक सुयांनी, त्याचे एकेक उपांग मुळापासून विलग करतात: दोन जोड्या शृंगिका, जबडे, एकामागून एक सारे पाय, शेपटीची टोके. तीन-चार मिलिमीटरांच्या देहातला एक पाय म्हणजे धुळीचा कण. तो फुंकरीसरशी उडून जातो, आणि तो गेला तर दुसरा नमुना घेऊन पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. प्रत्येक उपांग काचपट्टीवर ग्लिसरिनच्या थेंबात पसरून त्याचे चित्र काढतात. छायाचित्राची सोय असूनही हे हाताने रेखाटणे अद्याप सुटलेले नाही, कारण छायाचित्र सगळेच दाखवते, तर रेखाटणाऱ्याला कोणती रेषा आहे आणि कोणती नाही याचा निर्णय करावा लागतो. कोणत्या सांध्यावर किती केस, त्यांपैकी किती पिसासारखे, काटा सरळ की वळलेला, याची मोजदाद होते. नराच्या शृंगिकेला विशेष महत्त्व असते. कारण पुष्कळ जातींत मादीला धरून ठेवण्यासाठी तिचे रूपांतर चिमट्यासारख्या हातात झालेले असते, आणि सगळ्या बाबतींत सारख्या दिसणाऱ्या दोन जाती नेमक्या तेथेच वेगळ्या पडतात.

त्यानंतरचे काम दफ्तरातले. आजवर या वंशातील जेवढ्या जाती वर्णिल्या गेल्या, त्या सर्वांची मूळ वर्णने, मग ती लॅटिनमध्ये असोत, जर्मनमध्ये असोत वा फ्रेंचमध्ये, वाचून आपला प्राणी त्यांपैकी कोणताच नाही हे सिद्ध करावे लागते. ते सिद्ध झाले म्हणजे एक नमुना मूळ नमुना म्हणून जाहीर करतात. शास्त्रज्ञ त्याला होलोटाइप म्हणतात. तो आपल्या घरच्या कपाटात ठेवून भागत नाही. १९१६ साली कलकत्त्यास स्थापन झालेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेसारख्या सार्वजनिक संग्रहात तो जमा होतो, आणि पुढे केव्हाही वाद उद्भवला तर अखेरचा शब्द त्या बाटलीतल्या जिवाचा.

वऱ्हाडाच्या शेजारीच, नागपुरास, असा एक पंचनामा शंभर-सव्वाशे नव्हे, दीडशे वर्षांपूर्वीच घडून गेलेला आहे, आणि त्याची कथा मला कोणत्याही साहसकथेइतकी हृद्य वाटते. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडचे धर्मोपदेशक १८४५ साली नागपुरात आले. त्यांचे नाव आज तेथील महाविद्यालयामुळे सर्वतोमुखी आहे. परंतु त्यांची दुसरी ओळख भूगर्भशास्त्रज्ञांना अधिक जवळची. नागपूरजवळच्या टाकळी येथे, लाव्हारसाच्या दोन थरांच्या मध्ये दबलेल्या तळ्याच्या गाळात, त्यांना कवचधारी सूक्ष्म प्राण्यांचे जीवाश्म सापडले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या लाव्ह्याने महाराष्ट्राची भूमी घडवली, ज्या पाषाणात पुढे लोणारचे विवर कोरले गेले, त्याच लाव्ह्याच्या दोन उद्रेकांमधल्या शांततेत ती तळी भरली होती आणि त्यांत हे जीव पोहत होते. हिस्लॉप यांचा मोठेपणा हा की, दगडातले जीव गोळा करताना नागपूरच्या पाण्यातले जिवंत जीवही त्यांनी तेवढ्याच आस्थेने जमवले आणि लंडनला रवाना केले.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील विल्यम बेअर्ड यांनी ते तपासून १८५९ साली त्यांवर निबंध प्रसिद्ध केला, आणि त्याच्या शीर्षकातच नागपूरचे व हिस्लॉप यांचे नाव घातले. त्यांतील एक प्राणी दोन गोलसर शिंपांत राहणारा, माझ्या पेल्यातल्या प्राण्याचा भाऊबंद, जेमतेम चार-पाच मिलिमीटरांचा. त्याला बेअर्ड यांनी ‘एस्थेरिया हिस्लॉपी’ असे नाव दिले. शेवटचा ईकार म्हणजे लॅटिनमधली षष्ठी विभक्ती. हिस्लॉपचा एस्थेरिया, असा त्याचा सरळ अर्थ. चार वर्षांनी, १८६३च्या सप्टेंबरात, टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना हिस्लॉप ओढ्याच्या पुरात बुडून मृत्यू पावले. ज्या पावसाळी पाण्यातला जीव त्यांच्या नावाने ओळखला जातो, तशाच पावसाळी पाण्याने त्यांना नेले.

या नावाचे पुढे फेरफार झाले, आणि तेही सांगण्यासारखे आहेत. नॉर्वेचे गेऑर्ग ओसियन सार्स यांच्याकडे ऑस्ट्रेलियातून चिखलाची वाळलेली ढेकळे आली होती. क्रिस्तियानिया, म्हणजे आजचे ऑस्लो, येथे त्यांनी ती पाण्यात घातली, आणि विषुववृत्ताच्या पलीकडचे जीव त्या थंड प्रदेशात पोहू लागले! त्यांत हा गोल शिंपांचा प्राणी होता. त्याच्या इतर भाऊबंदांच्या अंड्यांतून अर्धवट घडलेले डिंभ बाहेर पडतात. याची पिले मात्र आईच्या पाठीवर, शिंपांच्या आतल्या पोकळीत वाढून, पुरते रूप घेऊनच बाहेर येतात. एवढा भेद असताना याला एस्थेरियाच्या खात्यात ठेवणे योग्य नाही असे ठरवून सार्स यांनी १८८७ साली ‘सायक्लेस्थेरिया’ हा नवा वंश स्थापला. म्हणून आज या प्राण्याचे नाव लिहिताना ‘सायक्लेस्थेरिया हिस्लॉपी’ यापुढे ‘(बेअर्ड, १८५९)’ असे कंसात लिहितात. तो कंस म्हणजे सातबारावरच्या फेरफाराची खूणच: जातीची पहिली नोंद बेअर्ड यांची, पण वंशाचे खाते नंतर बदलले.

यानंतर सव्वाशे वर्षे असे मानले गेले की, आशिया, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका या सर्व उष्ण प्रदेशांत आढळणारा हा प्राणी एकाच जातीचा आहे. २०१३ साली मार्टिन श्वेंटनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांत पुण्याचे समीर पाध्ये हेही होते, निरनिराळ्या खंडांतील नमुन्यांचे जनुकीय द्रव्य ताडून पाहिले, तेव्हा एकाच नावाखाली अनेक जाती दडलेल्या आढळल्या. डोळ्यांना त्या सारख्याच दिसतात, पण त्यांची फारकत क्रिटेशस कालखंडाइतकी, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाहूनही, जुनी. मग त्यांपैकी खरा ‘हिस्लॉपी’ कोणता? निकाल लागतो तो पंचनाम्याच्या पहिल्या रकान्यावरून. बेअर्ड यांच्या निबंधात प्राण्याचे ठिकाण नोंदले आहे: नागपूर. नावाचा वारसा नागपूरच्या प्राण्याचा. जगातल्या बाकीच्यांना, अलग ठरल्यास, नवी नावे शोधावी लागतील. एका धर्मोपदेशकाने बाटलीसोबत गावाचे नाव पाठवले नसते, तर ही गाठ कधीच सुटली नसती.

हे काम केवळ गतकालातले नाही. डी. क्रिस्टोफर रॉजर्स आणि याच पाध्ये यांनी २०१४ साली पश्चिम घाटातल्या, उताणे पोहणाऱ्या, शिंपाविरहित अशा एका प्राण्याचे वर्णन करून ‘स्ट्रेप्टोसेफॅलस सह्याद्रिएन्सिस’ हे नाव दिले. सह्याद्रीचा रहिवासी, असा त्याचा अर्थ. घाटाच्या कातळपठारावरचे पाणी अभ्यासकांच्या नजरेत भरले याचा मला आनंद आहे. आमच्या लोणारलाही विद्वानांची वाण नाही. २०२० साली सरोवराचे पाणी गुलाबी झाले तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ते तपासून मिठात जगणाऱ्या सूक्ष्म जीवांचा तो रंग असल्याचे सांगितले, आणि त्याच वर्षी सरोवर पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेले. वऱ्हाडातील रस्त्याकडेच्या खळग्याला मात्र कोणत्याच यादीत जागा नाही. रस्ता रुंद करताना तो मुरमाने बुजवला जातो, आणि त्यासोबत चिखलात निजलेली सारी अंडीही. ज्याचा पंचनामाच झाला नाही, त्याच्या नाशाची फिर्याद कोण कोणाकडे नोंदवणार? हे मला मनापासून लागते.

माझ्या पेल्यातला प्राणी कोणत्या जातीचा हे ठरवणे माझ्या अधिकारातले नाही. ते जाणकाराचे काम. माझ्या हातून झाले ते एवढेच की, औषधाच्या रिकाम्या बाटलीत मद्यार्क घालून मी त्यात सहा प्राणी ठेवले. चिठ्ठी शाईने लिहिली तर मद्यार्कात अक्षरे विरघळतात, म्हणून ती शिसपेन्सिलीने लिहून प्राण्यांसोबत बाटलीच्या आतच टाकायची असते. बाहेर डकवलेला कागद गळून पडला तर प्राणी बेवारस होतो. कागदाची बोटभर पट्टी कापून तीवर मी बारीक अक्षरांत लिहिले: जिल्हा बुलढाणा, मेहकर-लोणार रस्ता, उजव्या हाताचा मुरमाचा खळगा, बाभळीपासून वीस पावले, पाणी गढूळ, खोली वीतभर. खाली तारीख घातली, चिठ्ठी गुंडाळून आत सोडली आणि बूच घट्ट बसवले.