एक्स्पोनेन्शियल

एक्स्पोनेन्शियल हे वाढीचे स्वरूप दर्शविणारे इंग्रजी विशेषण आहे. मराठीत त्यासाठी घातांकी हा प्रतिशब्द वापरला जातो. ज्या राशीच्या वाढीचा वेग तिच्या त्या वेळच्या आकाराच्या प्रमाणात असतो, तिच्या वाढीस घातांकी वाढ म्हणतात. अशी राशी समान कालावधीत समान पटीने वाढते.

व्युत्पत्ती

या शब्दाचे मूळ 'बाहेर मांडणे' या अर्थाच्या 'एक्स्पोनेरे' या लॅटिन क्रियापदात आहे. जर्मन गणितज्ञ मिखाएल श्टीफेल यांनी १५४४ मधील 'अरिथ्मेटिका इंतेग्रा' या ग्रंथात घातांकासाठी याच मूळापासूनची संज्ञा वापरली. घातांकी वाढीच्या सूत्रात काळ हा घातांकाच्या जागी येतो, त्यावरून हे नाव पडले.

अर्थ

चक्रवाढ व्याज हे घातांकी वाढीचे परिचित उदाहरण होय. १,००० रुपयांवर दरसाल १० टक्के सरळव्याज आकारल्यास २० वर्षांनी रास ३,००० रुपये होते; चक्रवाढ व्याजाने ती सुमारे ६,७२७ रुपये होते.

वापर

दैनंदिन इंग्रजीत हा शब्द 'अतिशय वेगाने' या अर्थाने सर्रास वापरला जातो. गणितीय अर्थ मात्र वेगाचा नसून वाढीच्या पद्धतीचा आहे. ताशी १०० किलोमीटर या स्थिर वेगाने धावणाऱ्या गाडीने कापलेले अंतर झपाट्याने वाढते, तरी ती वाढ रेषीय असते. याउलट दरसाल २ टक्क्यांनी वाढणारी लोकसंख्या संथ भासते, तरी तिची वाढ घातांकी असते व ती सुमारे ३५ वर्षांत दुप्पट होते.

हा भेद न जाणल्यास धोक्याचा अंदाज चुकू शकतो. रोज दुप्पट होणारी जलपर्णी एखादे तळे ३० व्या दिवशी पूर्ण व्यापणार असेल, तर २९ व्या दिवशीही निम्मे तळे मोकळे दिसते. साथीच्या रोगांच्या प्रारंभी रुग्णसंख्या बहुधा याच रीतीने वाढते. त्यामुळे आकडे लहान असतानाच उपाययोजना करणे महत्त्वाचे ठरते.

मर्यादा

अन्न, जागा यांसारखी साधने मर्यादित असल्याने निसर्गात घातांकी वाढ अखंड टिकत नाही. बेल्जियन गणितज्ञ पियेर फ्रांस्वा व्हरहुल्स्ट यांनी १८३८ मध्ये लोकसंख्येसाठी असे प्रतिमान मांडले, ज्यात वाढ प्रारंभी जवळजवळ घातांकी असते व कमाल मर्यादेजवळ मंदावते.