निकड कोणी ठरवायची? सोलापूरचा मार्शल लॉ आणि कायद्याची परिभाषा

12 मे 1930 रोजी सोलापूर शहरात मार्शल लॉ पुकारण्यात आला आणि तो जूनअखेरपर्यंत, म्हणजे जवळजवळ पन्नास दिवस, अमलात राहिला. महात्मा गांधींच्या अटकेची बातमी येताच शहरात हरताळ पडला होता, गिरणी कामगार रस्त्यावर उतरले होते, 8 मे रोजी पोलिसांनी गोळीबार केला आणि संतप्त जमावाने मंगळवार पेठेतील पोलीस चौकी व न्यायालयाची इमारत पेटवून दिली. त्यानंतरचे काही दिवस शहरावर सरकारची सत्ता नावापुरतीही उरली नव्हती. पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. हा इतिहास सोलापूरकरांना पाठ आहे. मात्र त्या पन्नास दिवसांत कायद्याचे नेमके काय झाले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वस्तुतः राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय कायद्यातील काही मूलभूत संज्ञा समजून घेण्यासाठी याहून जवळचे उदाहरण महाराष्ट्रात सापडणे अवघड आहे.

मार्शल लॉ म्हणजे सैन्याचा कायदा, असा समज सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. सैनिकांची शिस्त, त्यांचे गुन्हे आणि त्यांची कोर्टमार्शले ज्या कायद्याने चालतात तो सैन्यविषयक कायदा विधिमंडळाने रीतसर संमत केलेला असतो आणि सैन्यात दाखल झालेल्यांनाच तो लागू होतो. मार्शल लॉमध्ये मात्र नागरी प्रशासन आणि नागरी न्यायालये बाजूला सारून लष्करी अधिकाऱ्याचा हुकूम सामान्य नागरिकावर चालवला जातो. इंग्लंडच्या परंपरागत कायद्यानुसार अशा सत्तेचा आधार एकच मानला जातो, आणि तो म्हणजे निकड. बंड इतके पसरले आहे की न्यायालये चालूच शकत नाहीत, अशी परिस्थिती असेल तरच, आणि ती असेल तोवरच, हा हुकूम समर्थनीय ठरतो. निकड संपली की त्याचा आधारही संपतो.

या सत्तेचे खरे रूप सोलापुरात एका साध्या वस्तूवरून दिसले. डोक्यावर गांधी टोपी घालणे हा तेथे गुन्हा ठरला. कोणत्याही विधिमंडळाने तसा कायदा केला नव्हता आणि टोपीमुळे कोणाला इजाही होत नव्हती. केवळ हुकूम निघाला म्हणून खादीचे ते कापड शिक्षेला पात्र झाले. कृत्य घडले त्या वेळी अमलात असलेल्या कायद्याने जे गुन्हा नव्हते त्याबद्दल कोणालाही दोषी ठरवता येणार नाही, हे तत्त्व आज भारतीय संविधानाच्या अनुच्छेद 20 मध्ये आहे. गुन्हा कोणता हे आधी आणि स्पष्टपणे सांगितलेले असावे, ही सुसंस्कृत न्यायव्यवस्थेची पहिली अट आहे, आणि त्या टोपीकडे पाहिले म्हणजे या अटीचे मोल कळते.

मे महिन्यातच व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी सोलापूरसाठी स्वतंत्र अध्यादेश काढला. विधिमंडळाला न विचारता कार्यकारी सत्तेने तात्पुरता केलेला कायदा म्हणजे अध्यादेश. त्या काळी तो सहा महिने टिकत असे. आज राष्ट्रपतींना अनुच्छेद 123 खाली हाच अधिकार आहे, परंतु संसद पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत तिची मान्यता मिळाली नाही तर अध्यादेश आपोआप रद्द होतो. सोलापूरच्या मार्शल लॉचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढेही गेला आणि ‘चनाप्पा शांतिरप्पा विरुद्ध एम्परर’ या नावाने नोंदलेला तो निवाडा या विषयाच्या चर्चेत आजही उल्लेखिला जातो. अशा कारवाईनंतर सरकार बहुधा आणखी एक पाऊल टाकते, ते म्हणजे इंडेम्निटीचा कायदा, ज्यामुळे त्या काळात अधिकाऱ्यांनी केलेल्या बेकायदा कृत्यांना मागाहून कवच मिळते. जालियनवाला बागेच्या वर्षी, 1919 मध्ये, पंजाबातील अधिकाऱ्यांसाठी असाच कायदा झाला होता. अनेकांना ठाऊक नसेल, पण संविधानाच्या अनुच्छेद 34 ने हा अधिकार संसदेलाही दिलेला आहे.

स्वतंत्र भारतात निकडीचा प्रश्न आणीबाणीच्या रूपाने पुन्हा उभा राहिला. एखाद्या व्यक्तीला डांबून ठेवले असेल तर तिला न्यायालयापुढे हजर करून स्थानबद्धतेचे कायदेशीर कारण दाखवा, असा जो आदेश न्यायालय देते त्याला हेबियस कॉर्पस म्हणतात. वर्तमानपत्रांत त्याचा उल्लेख ‘बंदी प्रत्यक्षीकरण’ असा होतो. आणीबाणीतही अशा याचिका ऐकता येतात, असे मुंबईसह नऊ उच्च न्यायालयांनी म्हटले होते, तरीही 28 एप्रिल 1976 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एडीएम जबलपूर प्रकरणात चार विरुद्ध एक अशा बहुमताने ते दार बंद केले. एकटे न्यायमूर्ती ह. रा. खन्ना विरोधात उभे राहिले. बहुमतात न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते आणि 2017 मध्ये गोपनीयतेच्या हक्काचा निकाल देताना तो निर्णय मोडीत काढणाऱ्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठात त्यांचेच पुत्र धनंजय चंद्रचूड होते. त्याआधीच 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ हे सैल शब्द काढून आणीबाणीसाठी ‘सशस्त्र उठाव’ ही कसोटी आणली होती, आणि अनुच्छेद 20 व 21, म्हणजे शिक्षेविषयीचे संरक्षण आणि जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य, आणीबाणीतही स्थगित होणार नाहीत असे ठरवले होते.

हाच विचार आंतरराष्ट्रीय कायद्यातही आहे. संयुक्त राष्ट्रांनी 1966 मध्ये स्वीकारलेल्या नागरी व राजकीय हक्कांच्या करारनाम्याच्या चौथ्या अनुच्छेदानुसार राष्ट्राचे अस्तित्व धोक्यात आणणारे संकट जाहीर झाले असेल, तर राज्यसंस्थेला काही बंधनांतून तात्पुरती सूट घेता येते. ही सूट संकटाला अगदी आवश्यक असेल तेवढीच असावी लागते, तिची सूचना संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांमार्फत इतर सदस्य देशांना द्यावी लागते, आणि जगण्याचा हक्क, छळापासून मुक्तता, गुलामगिरीची बंदी व विचारस्वातंत्र्य यांना हात लावता येत नाही.

भारत 10 एप्रिल 1979 रोजी या करारनाम्यात सामील झाला. स्वाक्षरी करून नंतर संमती देणे याला अनुसमर्थन म्हणतात, तर आधी स्वाक्षरी नसताना थेट सामील होण्याला वेगळी संज्ञा आहे. भारताने दुसरा मार्ग धरला. मात्र करार झाला म्हणून तो देशातला कायदा होत नाही. त्यासाठी संसदेने अनुच्छेद 253 खाली कायदा करावा लागतो. तरीही देशी कायद्यात पोकळी असेल तेथे न्यायालये अशा करारांचा आधार घेतात. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध 1997 च्या विशाखा निकालात दिलेली मार्गदर्शक तत्त्वे याच वाटेने आली.

निकड खरी आहे की नाही, हे ती वापरणाऱ्यानेच ठरवायचे नसते, यासाठी हा सारा खटाटोप आहे. 1930 मध्ये टोपी घातली म्हणून पकडल्या गेलेल्या सोलापूरकराच्या हाती हा आधार नव्हता. आज अटकेनंतर प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करण्याची मागणी कोणताही नागरिक करू शकतो, डांबलेल्या माणसाच्या वतीने त्याचा नातलग किंवा मित्रही हेबियस कॉर्पसची याचिका दाखल करू शकतो, आणि ऑगस्ट 2025 पासून सोलापूर जिल्ह्यातील लोकांना त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले आहे.