हायब्रिडची सर्व्हिसिंग कुठे करावी? हुबळी-धारवाडचा हिशेब

८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, यांतलं जे आधी भरेल ते. टोयोटा, होंडा आणि मारुती या तिघांनीही आपल्या स्ट्राँग हायब्रिड गाड्यांच्या बॅटरीला हीच मुदत दिली आहे. बाकीच्या गाडीची मूळ वॉरंटी मात्र आज साधारणपणे ३ वर्षांची आहे. टोयोटा आणि मारुतीच्या बाबतीत तिला १ लाख किलोमीटरची मर्यादाही आहे. होंडाची सिटी हायब्रिड मे २०२२ मध्ये आली, टोयोटाची हायरायडर आणि मारुतीची ग्रँड विटारा त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, आणि इनोव्हा हायक्रॉस वर्षाच्या अखेरीस. म्हणजे पहिल्या खेपेच्या टोयोटा आणि होंडा गाड्यांची मूळ वॉरंटी २०२५ मध्ये संपू लागली (मारुतीची, तेव्हा मुदत कमी असल्याने, त्याआधीच) आणि बॅटरीची २०३० पासून संपू लागेल. मधली पाच वर्षं अवघड आहेत. शोरूमचं बंधन सैल झालेलं असतं, ओळखीचा मिस्त्री स्वस्तात करून देतो म्हणत असतो आणि गाडीतला सगळ्यात नाजूक भाग अजून कंपनीच्या हमीत असतो.

माझं मत आधीच सांगतो. बॅटरीची मुदत संपेपर्यंत वर्षाची मुख्य सर्व्हिस अधिकृत वर्कशॉपातच करावी. टायर, अलाइनमेंट, डेंटिंग-पेंटिंग, धुलाई ही कामं मात्र जिथे चांगली आणि स्वस्त होतील तिथे बिनधास्त करावीत. पण हा सल्ला सगळ्यांना सारखा लागू पडत नाही, कारण किलोमीटर सगळ्यांचे सारखे नसतात.

१,६०,००० ला ८ ने भागलं की वर्षाला २०,००० किलोमीटर येतात, म्हणजे दिवसाला जवळपास ५५. धारवाडात राहून हुबळीत नोकरी करणारा माणूस रोज जाऊन-येऊन ४० किलोमीटर गाडी चालवतो. वर्षाचे ३०० दिवस धरले तर १२,००० किलोमीटर झाले. आठ वर्षांत ते ९६,००० भरतात. या माणसाची बॅटरीची हमी किलोमीटरवर संपत नाही, तारखेवर संपते. त्याने मुदतीची आठही वर्षं पुरेपूर वापरायला हवीत, आणि त्यासाठी दहाएक सर्व्हिसची नोंद सलग राहायला हवी.

आता टूरिस्ट टॅक्सीवाल्याचा हिशेब पाहा. हुबळी ते बेंगळुरू साधारण ४१० किलोमीटर, जाऊन-येऊन ८२०. महिन्याला आठ फेऱ्या झाल्या तर ६,५६० किलोमीटर. त्याचे १ लाख किलोमीटर सव्वा वर्षात संपतात आणि १,६०,००० दोन वर्षांत. दर १०,००० किलोमीटरला सर्व्हिस म्हटलं तर दर दीड महिन्याला गाडी वर्कशॉपात जाणार. शिवाय व्यावसायिक नोंदणीच्या गाडीला वॉरंटीच्या अटी वेगळ्या असू शकतात, त्या पुस्तिकेत आधी वाचून घ्याव्यात. या माणसाला तिसऱ्या वर्षी वॉरंटी सांभाळण्याचं कारणच उरत नाही. त्याला हायब्रिडचं काम खरोखर येणारा खाजगी कारागीर हवा आणि तो आजच शोधून ठेवायला हवा.

कारागीर ओळखायचा कसा, हे व्होल्टवरून कळतं. 'स्मार्ट हायब्रिड' म्हणून २०१५ पासून सियाझ आणि अर्टिगामध्ये आलेली व्यवस्था मुळात १२ व्होल्टची. तिच्यात जनरेटरच थांबलेलं इंजिन परत सुरू करतो, थोडा जोर देतो, संपलं. अशी गाडी कुठलाही चांगला मेकॅनिक हाताळू शकतो. हायरायडर आणि ग्रँड विटारा यांच्या स्ट्राँग हायब्रिड प्रकारात बॅटरी १७७.६ व्होल्टची आहे, होंडा सिटीत १७२.८ व्होल्टची. डीसी विजेत ६० व्होल्टच्या वर धोक्याची हद्द सुरू होते, असं वाहनांच्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा नियमांत धरलं जातं. म्हणजे इथे आपण हद्दीच्या जवळपास तिप्पट आहोत. म्हणूनच या मोठ्या बॅटरीच्या वायरींना केशरी रंगाचं आवरण असतं.

ज्याला हे काम येतं त्याची पद्धत बघण्यासारखी असते. तो गाडी बंद करतो आणि चावी गाडीपासून लांब ठेवतो. १२ व्होल्टच्या बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवतो. मग १,००० व्होल्टपर्यंत चालणारे रबरी हातमोजे घेतो, पण लगेच घालत नाही. मनगटाकडून गुंडाळत आत हवा कोंडतो आणि कुठून फुसफुसते का ते पाहतो, कारण सुईएवढ्या भोकानेही मोजा निकामी होतो. मोजे घालून मोठ्या बॅटरीचा सर्व्हिस प्लग काढतो आणि स्वतःच्या खिशात ठेवतो, म्हणजे दुसरा कोणी तो चुकून परत लावणार नाही. त्यानंतर दहा मिनिटं काहीही करत नाही. इन्व्हर्टरमधल्या कपॅसिटरांत साठलेली वीज ओसरायला तेवढा वेळ लागतो. शेवटी मीटर लावून शून्य व्होल्ट दिसल्यावरच पाना हातात घेतो. तुमच्या गॅरेजवाल्याला या दहा मिनिटांबद्दल विचारा. 'कशाला थांबायचं, प्लग काढला की झालं' असं उत्तर आलं तर ते गॅरेज हायब्रिडसाठी नाही, त्याचा हात इंजिनाला कितीही चांगला असला तरी.

माझ्या ओळखीचे एक मिस्त्री गाड्यांची सस्पेन्शनची कामं करतात. हायब्रिड आली की ते घेतात, पण केशरी वायर जिथे सुरू होते तिथे थांबतात आणि तसं गिऱ्हाइकाला आधीच सांगतात. अशा माणसावर मी जास्त भरवसा ठेवतो.

वर्षाच्या सर्व्हिसमध्ये हाय-व्होल्टेजचं प्रत्यक्ष काम फार थोडं असतं. ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, ब्रेकची सफाई, कूलंटची पातळी ही यादी पेट्रोल गाडीसारखीच. उलट या तिन्ही कंपन्यांच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये वेगळा स्टार्टर आणि नेहमीचा अल्टरनेटर नसतो, म्हणजे बिघडणाऱ्या दोन वस्तू कमी. गाडी वेग कमी करताना मोटर वीज तयार करते, त्यामुळे ब्रेक पॅडही जास्त टिकतात. फक्त कमी वापरामुळे कॅलिपरच्या पिना आखडू शकतात, आणि धारवाडच्या लांबलेल्या पावसात ते लवकर होतं. पॅड जाड आहेत म्हणून ब्रेक न उघडणारं वर्कशॉप अर्धं काम करतंय.

तीन ठिकाणी मात्र नेहमीची सवय महागात पडते. पहिलं म्हणजे एसी. या गाड्यांचा कंप्रेसर पट्ट्यावर चालत नाही, बॅटरीच्या विजेवर चालतो, आणि त्याला वीज न वाहणारं पीओई जातीचं तेल लागतं. साध्या गाड्यांचं पीएजी तेल थोडंसं जरी मिसळलं तरी इन्सुलेशन ढासळतं आणि गाडी दोष दाखवू लागते. ज्या यंत्राने दिवसभर इतर गाड्यांत गॅस भरला त्याच यंत्राची नळी इथे लावली तरी ते घडू शकतं. 'एसी थंड नाही, चौकात गॅस भरून घेतो' हे हायब्रिडला अजिबात चालत नाही. दुसरं ठिकाण म्हणजे इन्व्हर्टरचं कूलंट. टोयोटाच्या पद्धतीत त्याचं सर्किट इंजिनापासून वेगळं असतं आणि त्यात कंपनीने सांगितलेलंच कूलंट लागतं.

तिसरं ठिकाण आपल्या शहरासाठी फार महत्त्वाचं, ते म्हणजे बॅटरी थंड ठेवणाऱ्या हवेचा मार्ग. मोठी बॅटरी गाडीच्या आतली हवा ओढून थंड राहते. त्या तोंडाशी जाळी किंवा फिल्टर असतो. त्याची जागा मॉडेलनुसार बदलते आणि मॅन्युअलमध्ये दाखवलेली असते. हुबळीची धूळ सांगायला नको. चन्नम्मा सर्कलच्या उड्डाणपुलाचं काम, गोकुळ रोडवरची अवजड वाहतूक, उन्हाळ्यात काळ्या मातीची उडणारी भुकटी, हे सगळं या जाळीत बसतं. जाळी बुजली की बॅटरी तापते, आणि तापलेली बॅटरी लवकर म्हातारी होते. जॉब कार्डावर 'हायब्रिड बॅटरी फिल्टर साफ केला' ही ओळ दर सर्व्हिसला लिहून घ्यावी. ती नसेल तर अधिकृत वर्कशॉपाच्या पाटीचाही उपयोग नाही.

बॅटरीची लोकांना वाटणारी भीती मात्र थोडी कमी करायला हवी. हायरायडरची बॅटरी ०.७६ किलोवॉट-तासांची आहे. २०२० मध्ये आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीची ३०.२ होती, म्हणजे जवळपास चाळीस पट मोठी. ईव्हीच्या बॅटरीच्या किमती ऐकून हायब्रिडवाल्याने झोप उडवून घेऊ नये. तुमच्या मॉडेलच्या बॅटरीची आजची किंमत वर्कशॉपाकडून लेखी मागा. तो आकडा हातात आला की वाढीव वॉरंटी घ्यायची की नाही हे दोन मिनिटांत ठरतं.

पैशांचा हिशेब असा. धारवाड-हुबळी करणाऱ्या माणसाला हायब्रिडने शहरात २२चं ॲव्हरेज दिलं आणि तशाच साध्या पेट्रोल गाडीने १४चं दिलं असतं असं धरू. १२,००० किलोमीटरला ५४५ लिटर आणि ८५७ लिटर. फरक ३१२ लिटर. लिटरला १०३ रुपये धरले तर वर्षाचे सुमारे ३२,००० रुपये वाचतात. अधिकृत आणि खाजगी सर्व्हिसच्या एस्टिमेटमधला फरक या आकड्याशेजारी ठेवून पाहा. बॅटरी अशक्त झाली की ही बचतही आटते, म्हणून सर्व्हिसमध्ये दोन-तीन हजार वाचवताना कशावर पाणी सोडतोय ते कळलं पाहिजे. अंतराचा खर्चही किरकोळच. धारवाडहून हुबळीला जाऊन-येऊन दोनशे रुपयांच्या आत पेट्रोल जातं. दांडेली, हल्याळ भागातून साठेक किलोमीटरवरून येणाऱ्याचेही साडेपाचशेच्या आसपास जातात.

२२ सप्टेंबर २०२५ पासून बिलात एक चांगला बदल झाला आहे. गाड्यांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी लागू झाला. आधी बहुतेक भागांवर २८ टक्के होता. ५,००० रुपयांचे ब्रेक पॅड आधी ६,४०० ला पडायचे, आता ५,९०० ला. मजुरीवर १८ टक्के होताच. जुन्या दराने एस्टिमेट देणारं कोणी भेटलं तर तिथेच बोट ठेवा.

'बाहेर काम केलंत तर वॉरंटी गेली' हे वाक्य कायद्यात कितपत टिकतं? भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यात मारुतीचे ४७१.१४ कोटी, टोयोटाचे ९३.३८ आणि होंडाचे ७८.४७. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणं हा मुख्य आक्षेप होता. केवळ स्वतंत्र गॅरेजात काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, असंही आदेशात होतं. पुढे टोयोटासह तीन कंपन्यांच्या अपिलात २०१६ मध्ये दंडाची रक्कम कमी झाली, पण दोष कायम राहिला. मी या आदेशाला फार मोठं मानतो, कारण त्याने ग्राहकाला निवड करण्याचा हक्क दिला. त्याची मर्यादाही ध्यानात घ्यावी. बाहेरच्या कामामुळेच भाग बिघडला किंवा ठरलेली सर्व्हिस झालीच नाही, असं कंपनीने दाखवलं तर दावा नाकारला जाऊ शकतो. म्हणून टायर बदलला तरी पक्कं बिल घ्या आणि ऑइल बाहेर बदललं तर त्याची ग्रेड बिलावर लिहून घ्या. प्रकरण तापलं तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे आणि धारवाडला जिल्हा ग्राहक आयोगही आहे. तिथे दोन वर्षांच्या आत जावं लागतं.

ग्रँड विटारावाल्यांसाठी एक खुलासा. ही गाडी आणि हायरायडर दोन्ही बेंगळुरूजवळच्या बिडदीत, टोयोटा किर्लोस्करच्या कारखान्यात तयार होतात आणि त्यांची हायब्रिड यंत्रणाही एकच आहे. तरी ग्रँड विटाराची हमी मारुतीची असते, टोयोटाचं वर्कशॉप ती पाळणार नाही. आणि मारुतीच्या वर्कशॉपांचं जाळं मोठं असलं तरी हाय-व्होल्टेजचं प्रशिक्षण घेतलेला माणूस प्रत्येक ठिकाणी असेलच असं धरू नये. अपॉइंटमेंट घेताना फोनवरच विचारावं: हायब्रिडचा प्रशिक्षित टेक्निशियन त्या दिवशी हजर आहे का, आणि बॅटरीच्या तपासणीचा छापील अहवाल मिळेल का. अहवाल दरवर्षी फाइलला लावत गेलात तर गाडी विकताना त्याचीही किंमत मिळते.

सकाळी गाडी चालूच होत नाही, 'रेडी'चा दिवा लागत नाही, तेव्हा बरेच जण मोठी बॅटरी गेली म्हणून घाबरतात. पुष्कळदा दोष १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीचा असतो, आणि ती सामान्य कारागीरही तपासू शकतो. खरोखरच टो करायची वेळ आली तर फ्लॅटबेडच मागवा. पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढलं तर त्यांच्याबरोबर मोटर फिरते, वीज तयार होते आणि नुकसान वाढतं. कंपनीच्या रोडसाइड असिस्टन्सचा नंबर फोनमध्ये घालून ठेवा आणि फोन करताना 'गाडी हायब्रिड आहे' हे पहिल्या वाक्यात सांगा.